टूथपेस्टचा काळा पट्टा आणि मिक्सरचं लाल बटण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर घरातल्या वस्तूंबद्दल थक्क करणारी माहिती अशी एक चौकट येते, ती मी नेमाने वाचतो, म्हणजे दुकानात गिऱ्हाईक नसलं की तीच वाचत बसतो. मागच्या रविवारी त्यात छापून आलं की टूथपेस्टच्या ट्यूबच्या शेपटीला जो छोटा रंगीत पट्टा असतो तो हिरवा असला तर पेस्ट नैसर्गिक, निळा असला तर नैसर्गिक अधिक औषधी, लाल असला तर नैसर्गिक अधिक केमिकल आणि काळा असला तर सगळंच केमिकल. झालं! सोमवारी सकाळी आमच्याकडच्या तीन ट्यूब, एक चालू आणि दोन ऑफरमध्ये आणलेल्या, कचऱ्याच्या डब्यात. मी म्हटलं अगं हे काय, तर ही म्हणाली पेपरात आलंय. आता हेच व्हॉट्सअपवर आलं असतं ना साहेब तर तिनं वाचून सोडून दिलं असतं, तिकडं ते कैक वर्षं फिरतंय, पण तुमच्या पेपरात आलं म्हणून तिनं ट्यूब फेकल्या. म्हणून हे पत्र.

तो पट्टा मशीनसाठी असतो. ट्यूबमध्ये पेस्ट टोपणाकडून नाही, मागच्या उघड्या बाजूनं भरतात आणि मग ते टोक दाबून बंद करून कापतात. कापताना कंपनीचं नाव बरोबर समोर यायला पाहिजे, नाहीतर अर्धं नाव पुढं अर्धं मागं, म्हणून मशीनमधला सेन्सर तो पट्टा शोधतो, पट्टा समोर येईपर्यंत ट्यूब गोल फिरते आणि मग दाबली जाते. ट्यूबच्या रंगावर उठून दिसेल असा कुठलाही रंग चालतो, पांढऱ्या ट्यूबवर काळा सगळ्यात चांगला दिसतो एवढंच काय ते. पेस्टमध्ये काय आहे ते ट्यूबवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं, चष्मा लावून वाचायचं. आणि नैसर्गिक वेगळं न् केमिकल वेगळं हे तरी कुणी ठरवलं, मीठ केमिकलच आहे की.

त्याच चौकटीत पेनच्या टोपणाला वरती भोक का असतं तेही होतं, लहान पोरानं टोपण गिळलं आणि घशात अडकलं तर थोडी तरी हवा जावी म्हणून, ते मात्र बरोबर आहे. म्हणजे एक खरं आणि एक खोटं शेजारी शेजारी, वाचणाऱ्यानं कसं ओळखायचं?

मी सांगलीत मिक्सर, कुकर, शेगडी दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो, तीस वर्षं झाली. शिक्षण म्हणाल तर बेताचं. पण घरातल्या वस्तूंचं थक्क करणारं काही असेल तर ते रोज माझ्या काउंटरवर येतं आणि ते तुमच्या चौकटीत एकदाही दिसलं नाही, त्यामुळं मी माझ्याकडचं चार ओळी सांगतो, लांबलं तर कापा.

मिक्सरचंच घ्या. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आणि उन्हाळ्यात मसाल्याच्या सीझनला माझ्याकडं रांग असते. बाई मिक्सर पिशवीत घालून आणते, चेहरा पडलेला, म्हणते भाऊ एकदम बंद पडला, चटणी चालू होती, वास पण आला, जळाला बहुतेक. मी मिक्सर उलटा करतो. बुडाला एक बारीक बटण असतं, बहुतेक लाल. ते दाबतो, टक् असा आवाज येतो, सरळ करून पिन लावतो, मिक्सर चालू. त्याला ओव्हरलोडचं बटण म्हणतात, भांड्यात जास्त माल भरला किंवा मोटर फार तापली की तेच बटण आपण होऊन बाहेर येतं आणि करंट तोडतं, म्हणजे मिक्सर बिघडलेला नसतोच, त्यानं स्वतःला वाचवलेलं असतं. भांड्यातला माल कमी करायचा, पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा, बटण दाबायचं, संपलं. मी खोटं बोलत नाही, सुरवातीची चार-पाच वर्षं मी असे मिक्सर ठेवून घ्यायचो, संध्याकाळी या म्हणायचो आणि पन्नास रुपये घ्यायचो. एकदा एक आजी आल्या, हरिपूरहून चालत, मिक्सर डोक्यावर, आणि त्यांच्यासमोर बटण दाबून पैसे घ्यायला मला जमलंच नाही. तेव्हापासून समोरच दाबून दाखवतो आणि पैसे घेत नाही. धंदा कमी झाला म्हणाल तर नाही झाला, उलट तीच माणसं कपलर बदलायला माझ्याकडं येतात.

कपलर म्हणजे मिक्सरवर भांडं बसतं तिथला तो काळा प्लास्टिकचा किंवा रबराचा दातेवाला तुकडा. लोक भांडतात, एवढ्या महागाच्या मिक्सरला असला फडतूस तुकडा कशाला, लोखंडाचा बसवा. अहो, तो कमजोर आहे म्हणून तर बरं आहे. पातं कशात अडकून भांडं जाम झालं तर थोडक्या पैशाचा कपलर तुटतो आणि मोटर वाचते, लोखंडाचा बसवला तर सगळा झटका थेट मोटरला. आणि मोटर काय चीज आहे बघा, छताचा पंखा फुल्लवर मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे मारतो आणि मिक्सर अठरा-वीस हजार. त्यामुळंच बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबा. ते पुस्तक गिऱ्हाईक वॉरंटी कार्डासकट कपाटात ठेवतं आणि मिक्सर विकेपर्यंत उघडत नाही. नवीन मिक्सरला पहिले काही दिवस जळका वास येतो तोसुद्धा मोटरच्या वायरीवरच्या वार्निशचा असतो, घाबरून लगेच परत न्यायची गरज नसते.

आणि हा आपला मिक्सर इथलाच बरं का. परदेशातले मिक्सर ज्यूस आणि मिल्कशेकसाठी बनवलेले, त्यात सुकं खोबरं, हळकुंड, भिजवलेली डाळ घातली की मोटर जळायची. १९६० च्या दशकात मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा असाच परदेशी मिक्सर जळला आणि त्यांनी आपल्या वाटणाला टिकेल असा मिक्सर बनवला, तोच पुढं घराघरात गेलेला सुमीत. माझ्याकडं अजून दोन-तीन सुमीत दुरुस्तीला येतात, पांढऱ्या रंगाचे, पिवळट पडलेले, जड इतके की उचलताना कंबर धरते, आणि चालतात.

पिवळट वरून आठवलं. चटणीच्या भांड्याचं पारदर्शक झाकण हळदीनं पिवळं झालं म्हणून लोक नवीन झाकण मागतात. मी सांगतो, धुवून दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि मग या. हळदीचा रंग उन्हात उडतो, साबणानं घासून जात नाही तो उन्हानं जातो, पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं तरी हाच उपाय. उलट साबण लावला की डाग आधी लाल होतो आणि माणूस जास्तच घाबरतो. साबण, चुना, सोडा असलं काही लागलं की हळद लाल होते आणि लिंबू पिळलं की परत पिवळी, दहावीला लिटमस पेपर होता तसलाच प्रकार. आता ह्यातली गंमत ही की देवघरातलं कुंकू म्हणजे पूर्वीच्या पद्धतीनं केलेलं असेल तर हळदच असते, लाल केलेली. हळदीच्या सांगलीत जन्म गेला, हरिपूरला जमिनीखाली पेवं होती ज्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पाण्यानं गेली, २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे ती इथलीच म्हणून ओळख देणारं मानांकन, मिळालं, एवढं सगळं माहीत, पण हळद आणि कुंकू एकाच पोटचे हे मला वयाच्या चाळिशीत एका पुजाऱ्यानं सांगितलं, तोवर मी कुंकू म्हणजे कसली तरी लाल माती समजत होतो.

बरं, कुकर. कुकर ही वस्तू मुळात फ्रेंच माणसाची, देनी पापँ, १६७९ साली त्यानं लंडनमध्ये हाडं मऊ करायचं भांडं बनवलं आणि ते फुटू नये म्हणून त्याला सेफ्टी व्हॉल्व्हही लावला, म्हणजे आपल्याकडं शिवाजी महाराज होते तेव्हा तिकडं कुकरची शिट्टी नाही पण सेफ्टी होती. आपल्याकडं हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे दोन्ही १९५९ चे. एवढ्या वर्षांत आपण ती शिट्टी म्हणजे घड्याळ करून टाकलं. डाळीला तीन, हरभऱ्याला सहा, बटाट्याला दोन. पण शिट्टी हे मिनिट नव्हेच, ते वजन आहे. आतली वाफ त्या वजनाला उचलण्याइतकी झाली की ते उचललं जातं आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. त्या दाबाला आतलं पाणी शंभरला नाही तर एकशेवीस डिग्रीच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. महाबळेश्वरला उलटं, उंचीमुळं उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ लाच उकळतं, म्हणून तिथं डाळ शिजता शिजत नाही. तर एकदा पहिली शिट्टी झाली की आत जेवढं तापायचं तेवढं तापलेलं असतं, पुढं गॅस मोठा ठेवून धडाधड शिट्ट्या काढल्या तरी डाळ काय जास्त गरम होत नाही, नुसती वाफ छताला आणि गॅस वाया. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करायचा आणि घड्याळ बघायचं. हे मी गेल्या तीस वर्षांत निदान हजार बायकांना सांगितलं असेल, पुरुषांना कमी कारण ते विचारत नाहीत, आणि घरी माझ्या स्वयंपाकघरात रोज सकाळी पाच शिट्ट्या होतात. असो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. झाकणावर शिट्टीच्या शेजारी जे छोटं बटणासारखं असतं तो सेफ्टी व्हॉल्व्ह, त्यात मुद्दाम लवकर वितळणारा धातू भरलेला असतो. शिट्टीचं भोक वरणाच्या फेसानं बुजलं किंवा आतलं पाणी संपलं तर कुकर तापत जातो आणि तो धातू वितळून वाफेला वाट करून देतो, नाहीतर कुकरचा बॉम्ब. वितळला म्हणजे तो कामाला आला, नवा टाकायचा. दोन वर्षांपूर्वी एकजण कुकर घेऊन आला, तक्रार काय तर रिंग सैल झाली, आणि मी झाकण उलटं केलं तर सेफ्टीच्या भोकात एम-सील भरलेलं, वरून व्यवस्थित बोटानं गुळगुळीत केलेलं. विचारलं तर म्हणाला सारखं तिथनं हवा जायची. तो कुकर मी परत दिला नाही, दोनशे रुपये माझे घालून नवीन झाकण बसवूनच दिलं. दुसऱ्या कंपनीची शिट्टी चढवणं हाही त्यातलाच प्रकार, भोकावर बसली म्हणजे झालं असं नसतं, वजन वेगळं म्हणजे आतला दाब वेगळा.

आता सिलिंडर, जो सगळ्यांच्या घरात आहे आणि ज्यावर सगळ्यात जास्त लिहिलेलं असतं. वरच्या गोल कड्याला धरणाऱ्या ज्या तीन उभ्या पट्ट्या असतात त्यांच्या आतल्या बाजूला बघा. एका पट्टीवर ए, बी, सी, डी यातलं एक इंग्रजी अक्षर आणि पुढं दोन आकडे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. म्हणजे बी-२८ असेल तर २०२८ च्या जूनपर्यंत. हेही व्हॉट्सअपवर फिरतं पण गॅसची एक्सपायरी म्हणून फिरतं. गॅसला कसली एक्सपायरी, ती त्या लोखंडी टाकीची पुढच्या तपासणीची मुदत आहे. मुदत उलटून गेलेला सिलिंडर दारात आला तर घेऊ नका, बदलून मागा. दुसऱ्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन असतं, समजा १५.८ किलो, त्यात गॅसचे १४.२ मिळवा, बरोबर ३० किलो भरला पाहिजे. प्रत्येक टाकीचं रिकामं वजन वेगळं असतं हे लोकांना माहीतच नसतं, सगळे सिलिंडर सारखेच समजतात. वजन करून दाखवा म्हटलं तर डिलिव्हरीवाल्यानं दाखवायला पाहिजे.

गॅस किती उरलाय बघायला लोक सिलिंडर हलवतात, वाकडा करतात, त्यापेक्षा एक ओलं फडकं वरपासून खालपर्यंत फिरवा आणि दोन मिनिटं बघत बसा. वरचा भाग पटकन वाळतो, खालचा ओलाच राहतो, जिथं रेघ दिसते तिथपर्यंत आत गॅस पातळ स्वरूपात आहे. आणि वासाचं, तो कुजक्या कोबीसारखा वास गॅसचा नसतोच, गॅसला वास नाही, गळती कळावी म्हणून मुद्दाम इथाइल मरकॅप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं रसायन अगदी थोडं मिसळतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीला धरून पसरतो, म्हणून वास आला की दार-खिडक्या उघडा आणि लाईटच्या बटणाला हात लावू नका, चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. याच्या उलट पाइपचा गॅस हलका, तो वर चढतो. गॅसचा अलार्म बसवायचा असेल तर सिलिंडरवाल्यानं खाली आणि पाइपवाल्यानं वर लावायचा, मी लोकांच्या घरी उलटे लावलेले पाहिलेत. आता इकडंही पाइपलाइन येतेय, तेव्हा हेही सांगतो की शेगडी तीच चालते पण आतले जेट, म्हणजे ज्यांच्या बारीक भोकातून गॅस बर्नरला येतो ते तुकडे, बदलावे लागतात, पाइपच्या गॅसला भोक मोठं लागतं. सिलिंडरच्या जेटवर पाइपचा गॅस लावला की ज्योत मरतुकडी येते आणि लोक कंपनीला शिव्या घालतात.

शेवटचं एक सांगून थांबतो, ते म्हणजे तीन पिनवाला प्लग. वरची पिन जाड आणि लांब असते ती उगीच नाही. लांब अशासाठी की प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं, जाड अशासाठी की ती चुकून करंटच्या भोकात जाऊच नये. हल्लीच्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांना आतून पडदा असतो, तो वरची पिन आत गेली की उघडतो, लहान पोरांनी खिळा घालू नये म्हणून. आणि आपण काय करतो, दोन पिनवाला चार्जर बसत नाही म्हणून वरच्या भोकात पेन नाहीतर आगपेटीतली काडी घालून तो पडदा उघडतो, पोरगं शेजारी उभं राहून बघत असतं. चार्जरला दोनच पिना का चालतात तर त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे आतून दोनदा इन्सुलेशन केलेलं आहे, अर्थिंगची गरज नाही. इस्त्री, फ्रिज, गीझर यांना ती सूट नाही. तिथं तिसरी पिन कापून टाकलेला प्लग दिसला की मी दुरुस्तीला हात लावायच्या आधी प्लग बदलतो, गिऱ्हाईक म्हणालं नको तरी बदलतो.

तर संपादकसाहेब, माझी मागणी एवढीच आहे की येत्या रविवारी त्याच चौकटीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, ट्यूबचा पट्टा मशीनसाठी असतो एवढं एक वाक्य छापा. आणि त्या जागी हे मिक्सरचं लाल बटण टाकलंत तर दिवाळीच्या गर्दीत माझा निम्मा वेळ वाचेल. जो कोणी ती चौकट लिहितो त्याला माझ्या दुकानात एक दिवस पाठवा, चहा मी पाजतो.

फेकलेल्या तीन ट्यूबपैकी चालू होती ती घंटागाडीत गेली, ऑफरच्या दोन मी डब्यातून काढून पुसून ठेवल्यात. ही म्हणते तुम्ही वापरा, मी छापून आल्याशिवाय हात लावणार नाही.

आपला,
एक दुरुस्तीवाला वाचक, सांगली